तिसरी ओवी

धाकू : पण बंडीसाठी कोण येवढं येतं, वयनी? लांज्याहून दोन एस्ट्या बदलून मालगुंडाला, आणि पदराखाली काय, तर दादाची जुनी बंडी. पालखीबरोबरच्या माणसांना कळलं तर माज्या ताशापेक्षा ह्या गोष्टीचा आवाज मोठा होईल.

जनी : तुमी हसा, धाकूभावजी. आधी सांगा, हे कुठं आहेत? अंगणात निजलेल्या सगळ्यांची तोंडं बगून आले. पालखीपाशी नायत, पडवीत नायत.

धाकू : तुमी अंगणात शिरलात? सखाराम मानकऱ्यानं बगितलं असतं म्हंजे? देवी तीन वर्षांनी एकदा समुद्रावर न्हायला निघते. तिच्या मागनं घरच्या बायकांनी यायचं नाय, हा नेम तुमाला काय मी सांगू?

जनी : नेम ठावा हाय. निघताना देवळाच्या पायरीवर डोकं टेकून सांगितलं, आई, तूही बाईमाणूस हायस, समजून घे. मानकऱ्याला तेवढं समजायचं नाय, म्हणून त्याच्या उशाकडनं हळूच गेले. हे कुठं आहेत?

धाकू : निजलाय. रात्रभर देवी नाचवली आमी, पहाटे पालखी टेकली तेव्हा कुठं पाठ लागली. दुपारी देवी न्हाईल, मग गावोगाव थांबत आठ दिवसांची परतीची वाट. तोवर निजूं दे की त्याला. चार दिवस चाललाय ढोल घेऊन.

जनी : कुठं निजलेत, भावजी?

धाकू : त्या तिकडं. हे अंगण ज्यांचं त्या यमुनाबाईंच्या माडाच्या बागेत पार टोकाला खोपी हाय, समुद्राच्या कडेला. एकटा, ऐसपैस.

जनी : एकटे.

धाकू : रागावू नका. पण घोरणं काय ते! पहिल्या रात्री आंब्याखाली उतरलो होतो, तर वरची वटवाघळं उडून गेली. माणसं कुरकुरायला लागली. मीच यमुनाबाईंना विचारून खोपी मागून घेतली. म्हटलं, त्यालाही झोप, आमालाही झोप.

जनी : चला. मला तिथं न्या.

धाकू : अवो, चहा तरी—

जनी : चला, भावजी.

धाकू : माडांच्या आळ्यांतनं वाट हाय, पाय जपून टाका. वयनी, घरी काय वाईट झालंय का? मालनचं काय?

जनी : मालन बरी हाय, तिला मामाकडं ठेवलीय. घरी काय झालेलं नाय. ही बंडी घ्या हातात. पाठीकडनं चाचपून बगा.

धाकू : हे काय? खडे शिवलेत?

जनी : सुपाऱ्या. तीन. अख्ख्या, वाळलेल्या. दोन खांद्यांच्या मधी खिसा करून शिवल्यात.

धाकू : चोराच्या भयानं लोक पैसे लपवतात. सुपाऱ्या लपवणारे तुमीच.

जनी : हे उताणे निजले की गळ्यात श्वास अडकतो. घोरता घोरता एकदम गप होतात. पोट हलतं, छाती हलते, पण वारा आत जात नाय. मग बुडता माणूस पाण्यावर यावा तसे हुसकन वर येतात, नि परत घोरायला लागतात. रात्रभर हेच. सकाळी त्यांना काय आठवत नाय, नुसतं डोकं दुखतं. सुपाऱ्या टोचल्या म्हंजे उताणं पडवत नाय, आपसूक कुशीवर वळतात. एवढंच त्यांचं औषध.

धाकू : भगतानं सांगितलं?

जनी : भगत म्हणाला, छातीवर कोण येऊन बसतं. त्याचा कोंबडा झाला, पण बसणारा काय उठला नाय. गेल्या साली ह्यांना मुंबईला नेलं, तितल्या मोठ्या इस्पितळातल्या एका कोवळ्या डॉक्टरनं ओळखलं. अख्खी रात्र खाटेशी घड्याळ घेऊन बसला तो. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, तासाला तीस-तीस वेळा ह्यांचा श्वास थांबतो. बाहेरदेशी म्हणे एक यंत्र निघालंय, नाकाला मुसकं लावून रातभर वारा भरतं. आपल्याकडं ते कधी येईल देव जाणे. तोवर उताणं निजू द्यायचं नाय, अंगाचं वजन उतरवायचं, झोपेची गोळी नाय, दारू-माडीचा थेंब नाय. पाठीला रबरी चेंडू शिवा म्हणाला. मी सुपाऱ्या शिवल्या. त्याच्यावर वर्ष निभावलं.

धाकू : मग बंडी घरी कशी राहिली?

जनी : तुमच्या नेमानं राहिली. देवळात तुमा सगळ्यांना गावानं कोऱ्या बंड्या दिल्या की नाय? तितंच जुनी उतरून कोरी घालायची, जुन्यांचं गाठोडं घरी धाडायचं. ढोल गळ्यात पडला नि हे सगळं विसरले. मीही मेली पोरीला देवी दाखवत बसले. काल दुपारी धुणं घेऊन पऱ्ह्यावर गेले, गाठोडं सोडलं, बंडी धोंड्यावर आपटली नि टण्णकन वाजली. तितंच बसले मी. मनात म्हटलं, तीन रात्री गेल्या, चौथी आज. मिळेल ती एस्टी धरली. रात्र रत्नागिरीच्या स्टँडावर बाकड्यावर काढली, पहिल्या गाडीनं हितं... भावजी, का थांबलात?

धाकू : काय नाय.

जनी : चेहरा का उतरला तुमचा?

धाकू : वयनी, पहिल्या दोन रात्री तो ढोल पाठीला बांधून निजला होता.

जनी : ढोल?

धाकू : शेल्यानं आवळून. आमी किती हसलो. मी म्हटलं, दादा, बायको घरी ठेवलीस नि हिला पाठीशी घेतलीस. तो हसला, बोलला काय नाय. आता कळतंय मला.

जनी : म्हंजे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मग तिसऱ्या रात्री?

धाकू : मानकऱ्यानं बगितलं. म्हणाला, देवीचं वाद्य उभ्या माणसाच्या गळ्यात शोभतं, निजलेल्याच्या पाठीला नाय. काढून घेतला, पालखीपाशी ठेवला. त्या रात्री दादा निजलाच नाय. वाळूत बसून होता. मी विचारलं तर म्हणाला, चांदण्या बगतोय, मुंबईत नव्हत्या. काल दिवसभर चालता चालता पेंगत होता. खाडी उतरताना होडीत ढोलावर डोकं ठेवलं, एक पाय पाण्यात, आणि घोरतोय. मीच कमरेला धरलं त्याला.

जनी : तरी कोणाला बोलले नायत?

धाकू : कसा बोलेल? दुखणेकरी माणसाच्या गळ्यात देवीचा ढोल राहत नाय. सखारामचा भाचा टपलेलाच हाय... मला त्याची दया आली, वयनी. काल रात्री वाजवताना त्याचे डोळे मिटत होते, हात तेवढे चालत होते. पहाटे त्याला हाताला धरून खोपीत नेला. तो म्हणत होता, मी बसतोच रे, बसून विडी ओढतो. मी म्हटलं, गप पड. आणि...

जनी : आणि काय?

धाकू : माडी होती. आदल्या दिवसाची, चढलेली. दोन पेले. तो नको नको म्हणत होता. मीच पाजली, वयनी. म्हटलं, घे, गाढ झोप लागेल.

जनी : भावजी, पळा.

(खोपीचं दार झावळ्यांचं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून बाहेरून काठी आडवी घालून सुंभानं आवळलेलं. पलीकडं हाकेवर समुद्र. जनीनं दाराला कान लावला, नि तिला वाटलं, जन्मात ऐकलेला सगळा आवाज बाहेर हाय, आत कायसुद्धा नाय.)

धाकू : घोरणं ऐकू येत नाय. म्हंजे शांत निजला असंल.

जनी : शांतच नको हाय मला. ह्या समुद्राला जरा कुणीतरी गप करा.

धाकू : ही गाठ मीच मारली पहाटे. सुटत नाय.

जनी : तुमी गाठ सोडा. मी मोजते.
दारीच्या पोफळीला वारा लागतो झुळूझुळू,
माझ्या घरधन्याच्या श्वासा, पाय टाक हळूहळू...

धाकू : वयनी, तुमी गाताय?

जनी : मोजतेय. आमच्याकडं घड्याळ नाय. पहिली ओवी होईतो थांबायचं, तेवढ्यात बहुतेक श्वास येतो. नाय आला तर दुसरी. दुसरी सरली की वाट बगायची नाय, वळवायचं. गाठ सुटली?

धाकू : एक पेड निघाला.

जनी : लाट गेली समुद्रात, लाट येईल माघारी,
गेल्या श्वासा-पाहुण्याचं पाऊल वाजू दे दारी...

धाकू : येतंय काय ऐकू?

जनी : नाय.

धाकू : मग तिसरी म्हणा.

जनी : तिसरी मी बांधली नाय, भावजी. तिची वेळ येऊ नये म्हणून. दार पाडा.

धाकू : बाजूला व्हा... हाय, हितं हाय. उताणाच पडलाय. वयनी, ओठ बगा. पिकल्या करवंदासारखे.

जनी : तुमी तिकडनं खांदा धरा. माझ्याकडं वळवा. डोकं लोंबू देऊ नका, हनुवटी वर. अवो. अवो, मालनचे बापूस. मी आलेय. लांज्याहून आलेय. घ्या. एकदा घ्या श्वास.

धाकू : दादा, मी पाजली रे. मी गाढवानं.

जनी : मागनं रडा. आता पाठीवर थापटा. दोन खांद्यांच्या मधी, सुपाऱ्यांच्या जागी. जोरानं. ताशावर हात टाकता तसा टाका.

धाकू : टाकतोय. टाकतोय, वयनी.

जनी : घ्या ना. मालन विचारेल मला.

भिकाजी : हांऽऽ... हां... कोण... कोण वाजवतोय हा? ताल चुकतोय.

धाकू : चुकू दे. चुकू दे रे दादा.

जनी : बसवा त्यांना. कुडाला टेकवा. पाणी नको लगेच, आधी श्वास भरू दे. बगा माझ्याकडं. कोण हाय मी?

भिकाजी : जने, तू हितं कशी? बारा दिवस झाले?

जनी : पाचवा दिवस हाय.

भिकाजी : मग तू कशी? मानकऱ्यानं बगितलं म्हंजे. आणि हा धाकू का रडतोय? ... तू सांगितलंस त्याला.

जनी : सांगितलं.

भिकाजी : सांगितलंस. झालं. आता संध्याकाळपर्यंत ढोल सखारामच्या भाच्याच्या गळ्यात.

जनी : तुमचा गळा राहिला तर ढोलाचं बोलणं. माझी दुसरी ओवी सरली होती, अवो. सरून किती वेळ गेला, मला माहीत नाय. असं कधी झालं नव्हतं.

भिकाजी : कसली ओवी?

धाकू : तुझा श्वास थांबला की ह्या ओव्या म्हणून मोजतात, दादा. तुला ठावं नाय?

भिकाजी : नाय. मी बरोबर तेव्हाच निजलेला असणार ना. आणि मी हिला म्हणत असतो, माझ्या आयशीच्या जात्यावर गाणं होतं, आपल्या घरात कोण गात नाय.

जनी : बारा वाजता परतीची गाडी हाय. चपला घाला. घरी जायचं.

भिकाजी : मी येत नाय.

जनी : येत नाय?

भिकाजी : ऐक जरा. मुंबईची गिरणी सुटून पाच वर्षं झाली. पाच वर्षं मी घरात बसलेला माणूस. मालनला शाळेत विचारतात, बापूस काय करतो, तर ती म्हणते, झोपतो. पोर खोटं बोलत नाय. दिवसा जिथं टेकेन तिथं झोपतो. पण चार दिवस मी चाललोय. काजू पिकलाय, सगळ्या डोंगराला त्याचा वास. प्रत्येक गावच्या शिवेवर बाया आरती घेऊन उभ्या, आणि आधी ऐकू येतो तो माझा ढोल. ढोल ऐकून म्हणतात, आली. रात्री वर बगावं तर छप्पर नाय. मला वाटलं, जने, हितं वारा येवढा मोकळा, हितं कसा अडकेल.

जनी : वारा मोकळा हाय. गळा तोच हाय.

भिकाजी : म्हणून तर ढोल बांधला. तो नेल्यावर बसून राहिलो. मला काय मरायचं नाय.

जनी : तुमी नाय हो मरायला बगत. तुमाला सगळे माया करून मारतात. एकीनं खोपी दिली, एकानं माडी दिली. आणखी आठ रात्री. मी घरी जात्यापाशी बसून काय मोजू? मला कोण सांगणार, आज श्वास आला का नाय? मी भितेय, अवो. तुमाला माहीत नाय मी किती भितेय. तुमी निजता, तेव्हा घरात मी एकटीच असते.

धाकू : वयनी, मी बोलू? मी त्याच्या जवळ निजतो. निजत नाय, बसतो. खोपी नाय नि बाग नाय, त्याच्या पाठीला पाठ लावून. घोरू दे किती घोरायचं ते. ज्यांना त्रास होईल ते खोपीत जातील.

जनी : भावजी, तुमी एकदा निजलात की घरावर दरड पडली तरी उठत नाय. तुमची बायको सांगते, सगळ्या वाडीला ठावं हाय.

धाकू : ते कालपर्यंत. आज जे बगितलं त्याच्यानंतर मला झोप येईल, असं वाटतं तुमाला?

भिकाजी : आणि मी दुपारच्या मुक्कामाला थोडा निजून घेईन, सगळे जागे असतात तेव्हा. रात्रीचं ओझं ह्याच्यावर कमी.

धाकू : माडी पुन्हा दिसली तर आधी माझं थोबाड फोडा.

जनी : आणि बंडी?

भिकाजी : जुनं कापड अंगावर घालून देवीपुढं कसा उभा राहू? नेम हाय.

जनी : दिवसा नका घालू. निजताना आत ही, वर कोरी. आणि मानकऱ्यानं हात लावून विचारलं तर खरं ते सांगा. ह्या तीन सुपाऱ्या देवीच्याच ओटीतल्या हायत. गेल्या शिमग्यात पुजाऱ्यानं माझ्या पदरात घातलेल्या. मी त्या विड्याला लावल्या नाय, तुमच्या पाठीला लावल्या.

भिकाजी : हे मला कधी बोलली नायस.

जनी : तुमी कधी विचारलंत, सुपाऱ्या कुठल्या?

धाकू : देवीच्या सुपाऱ्या असल्या तर सखाराम काय बोलणार? उलट नमस्कार करील पाठीला. मग दादा, आठ रात्री तुझ्या पाठीला पाय लागायची पंचाईत.

भिकाजी : जने, जाऊ दे मला. परत येईन. तुझ्या मोजणीत येईन.

जनी : बंडी घाला. माझ्या समोर घाला. आणि तिकडं, सावलीत, डाव्या कुशीवर पडा. दुपारपर्यंत मी हितंच बसते. नेम मोडलाच हाय, थोडा आणखी मोडेल. तुमी निजल्यावर भावजींना शिकवते.

भिकाजी : मी जागा असताना एकदा म्हण ना.

जनी : जागेपणी कशाला? जागेपणी तुमचा तुमी घेता.

भिकाजी : ऐकायचंय.

जनी : परत आल्यावर. घरी. तेव्हा म्हणेन, जात्यावर, मोजायला नाय, नुसती. डोळे मिटा आता.

धाकू : ... लागला बगा डोळा. एवढ्यात. वटवाघळं जपा म्हणावं.

जनी : गप. ऐका. हे घोरणं बरं, ह्याला भ्यायचं नाय. गप झाले की भ्यायचं. तेव्हा पहिली ओवी सुरू करायची. घाई करायची नाय, जातं ओढतो त्या चालीनं. म्हणा.

धाकू : दारीच्या पोफळीला वारा लागतो झुळूझुळू... वयनी, बायकांचं गाणं माझ्या तोंडात बरं दिसत नाय हो.

जनी : रात्रीच्या अंधारात कोण बगणार? पुढं.

धाकू : माझ्या घरधन्याच्या... हे काय म्हणू मी? माझ्या थोरल्या भावाच्या म्हणू? माझ्या ढोलवाल्याच्या?

जनी : जे म्हणाल ते. लांबी तेवढी ठेवा. दुसरी म्हणा.

धाकू : लाट गेली समुद्रात, लाट येईल माघारी, गेल्या श्वासा-पाहुण्याचं पाऊल... पाऊल... वयनी, हितं येईतो माझाच श्वास पुरत नाय.

जनी : पुरवा, भावजी. आठ रात्री हायत.